मुंबई बंदर आणि मुंबई शहर: इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईचं नाव काढलं की डोळ्यांसमोर पश्चिमेचा समुद्र येतो. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी. पण हे शहर मोठं झालं ते पूर्वेच्या अंगाने, कुलाब्यापासून शिवडीपर्यंतच्या धक्क्यांवर. तो किनारा आज बराचसा गोदीच्या भिंतीआड गेला आहे आणि लाखो लोक रोज हार्बर लाइनने त्याच्या कडेने जातात, तरी त्यांना पाणी दिसत नाही. म्हणून इथली उत्तरं मुद्दाम त्या बाजूने दिली आहेत.

इंग्रज येण्यापूर्वी इथे फक्त कोळीवाडे होते का?

नाही. मुळात "फक्त कोळीवाडे" असं म्हणणं कोळ्यांवरही अन्याय करणारं आहे. या खाड्यांची खोली, भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याखालचे खडक त्यांनाच ठाऊक होते. त्यांच्याशिवाय माहीमला बिंब राजाची परंपरा सांगणारी बखर आहे, वाळकेश्वराला शिलाहारांच्या काळापासूनचं बाणगंगेचं तीर्थ आहे, घारापुरीची लेणी तर त्याहून जुनी. माहीमला मखदूम अली माहिमी या सुफी विद्वानाचा दर्गा आहे. त्यांचं निधन १४३१ सालचं.

एवढं मात्र खरं की तेव्हा मोठी बंदरं होती ती आजूबाजूला: सोपारा, कल्याण, ठाणे, वसई, चौल. मुंबई त्यांच्या सावलीत होती. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना दिली, तेव्हाही त्यांनी राजधानीसारखी वाढवली ती वसई. मुंबईचं बेट त्यांनी खंडाने देऊन टाकलं. गार्सिया द ऑर्टा हा नावाजलेला वैद्य त्याचा एक खंडकरी होता.

"मुंबई" हे नाव पोर्तुगीज शब्दांवरून आलं का?

"बॉम बाईया" म्हणजे चांगला उपसागर, आणि त्यावरून बॉम्बे, अशी व्युत्पत्ती हटकून सांगितली जाते. पोर्तुगीज व्याकरणातच ती बसत नाही. "बाईया" हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे "बोआ बाईया" असं व्हायला हवं. मुंबादेवीवरून मुंबई हेच सरळ आणि इथल्या माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेलं नाव. १९९५मध्ये ते अधिकृत झालं, एवढंच.

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना हुंड्यात दिली, हे खरं का?

कागदावर खरं. जून १६६१च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं आणि मुंबई इंग्रज राजाला द्यायचं कबूल झालं. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला साफ नकार दिला. मुंबईचं बंदर काय मोलाचं आहे हे गोव्यात बसलेल्यांना लिस्बनपेक्षा चांगलं कळत होतं. शिपमन आपल्या सैनिकांना घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला. तिथे रोगराईने त्याची माणसं पटापट मेली आणि १६६४मध्ये तोही गेला. शेवटी फेब्रुवारी १६६५मध्ये उरलेल्या मूठभर लोकांसह हम्फ्री कुक याने ताबा घेतला. तोही सातही बेटांचा सुखासुखी नव्हे; माहीम आणि इतर भागांवरून वाद चालूच राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई दहा पौंडांत घेतली का?

विकत नाही, वार्षिक खंडाने. १६६८च्या सनदेने राजाने हे बेट कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडावर दिलं. राजाला ते डोईजड झालं होतं: उत्पन्न थोडं, खर्च मोठा, हवा वाईट.

हवेबद्दल अतिशयोक्ती नाही. दलदल आणि खाजण चहूबाजूंनी, नारळीच्या मुळाशी कुजक्या मासळीचं खत, आणि साथीचे ताप. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, अशी म्हणच त्या काळच्या इंग्रजांत पडली होती.

मग सुरतेसारखं भरभराटीचं बंदर सोडून कंपनी इथे का आली?

पाणी आणि भीती, ही दोन कारणं.

आधी पाणी. सुरत तापीच्या काठी, नदी गाळाने भरत चाललेली, त्यामुळे मोठी जहाजं लांब सुवाळीला थांबायची. मुंबईच्या पूर्वेला मात्र खोल, ऐसपैस आणि आडोशाचं पाणी आहे. एका बाजूला बेट, दुसऱ्या बाजूला उरण-अलिबागचा किनारा. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा सुटला तरी आत जहाज नांगरून राहू शकतं. पश्चिम किनाऱ्यावर अशा जागा मोजक्याच.

भीती सुरतेवरच्या स्वाऱ्यांची. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली. मोगलांच्या शहरात, मोगलांच्या मर्जीवर आणि तटाच्या आत राहूनही सुरक्षितता नाही, हे कंपनीला कळून चुकलं. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरने मुंबईत व्यापारी आणून बसवायचं धोरण धरलं. आपापल्या धर्माप्रमाणे राहण्याची मोकळीक आणि जातीजमातीच्या पंचायती, अशी हमी त्याने दिली. बनिया, पारशी, आर्मेनियन, बोहरी इथे येत गेले. १६८७मध्ये कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हललं.

मराठ्यांनी मुंबई का घेतली नाही?

हा प्रश्न मराठी वाचक सगळ्यात जास्त विचारतो, आणि विचारायलाच हवा.

मुंबई अजिंक्य होती असं मुळीच नाही. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी बंदराच्या अगदी तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आरमाराला तो थांबवता आला नाही. १६८९-९०मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडी, माझगाव घेऊन इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडलं होतं. १७१८मध्ये इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांच्याकडून खांदेरी घ्यायचा प्रयत्न केला आणि ते हात हलवत परतले.

खरी वेळ आली ती मे १७३९मध्ये. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. मुंबईच्या उत्तरेचं साष्टी बेट आधीच हातात आलं होतं. मराठ्यांची हद्द आता माहीमच्या खाडीपलीकडे, नजरेच्या टप्प्यात होती. मुंबईत किती घबराट उडाली ते दोन गोष्टींवरून दिसतं. इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारी धाडलं. आणि कोटाभोवती खंदक खणायला इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले. मराठ्यांनी तह केला, व्यापाराची सवलत दिली आणि मुंबईला हात लावला नाही. पोर्तुगीजांशी दोन वर्षं झुंजून फौज थकली होती, नादिरशहाने दिल्ली लुटल्याने सगळ्यांचं लक्ष उत्तरेकडे होतं.

माझ्या मते मोठी चूक त्यानंतरची आहे. पेशवे आणि आंग्रे यांचं बिनसलं आणि १७५६मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गात तुळाजी आंग्रे यांचं आरमार जाळलं. मुंबई बंदराला समुद्रातून धाक दाखवू शकेल अशी एकच मराठी ताकद होती, ती आपणच संपवली. १७७४मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांच्याकडे राहिली.

सात बेटं एक कशी झाली?

कुलाबा, धाकटं कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. ही बेटं भरतीला सुटी व्हायची आणि ओहोटीला चिखलाने जोडली जायची. त्यामुळे पहिलं काम होतं भरतीचं पाणी आत शिरतं त्या खिंडी बंद करायचं. त्यातली मोठी खिंड महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८०च्या दशकात, तिथला बांध पुरा झाला. आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. बांध सारखा ढासळत होता, मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर आल्या आणि मगच बांध टिकला, ही आख्यायिका महालक्ष्मीला अजून सांगतात. आजचं देऊळ धाकजी दादाजी यांनी १८३१मध्ये बांधलं.

पाणी अडल्यावर आतली खाजणं सुकली आणि कामाठीपुरा, भायखळा, ताडदेव अशा वस्त्यांना जमीन मिळाली. कामाठीपुऱ्याचं नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. डोक्यावर पाट्या वाहून भराव टाकणाऱ्यांची मुंबईच्या नकाशावर राहिलेली ती ठळक खूण.

पुढचे पूल आणि बांध एकेक करत झाले: १८०५पर्यंत शीव, १८३८मध्ये कुलाबा, १८४५मध्ये माहीम. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसं मरत होती. सरकार पैसे काढेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच: जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही.

मुंबईत खरंच इंग्लंडच्या आरमारासाठी जहाजं बांधली गेली का?

हो, आणि याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. १७३६मध्ये सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने जवळजवळ दीडशे वर्षं इथली गोदी सांभाळली. १७५०मध्ये इथे सुकी गोदी झाली, आशियातली पहिली. जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी काढायचं आणि तळ उघडा करून दुरुस्ती करायची.

इथली जहाजं सागाची. ओकची जहाजं कुजत, साग टिके. १८१०मध्ये बांधलेलं "मिंडेन" हे ब्रिटिश बेटांबाहेर तयार झालेलं शाही आरमाराचं पहिलं मोठं लढाऊ जहाज. १८४२मध्ये ज्या "कॉर्नवॉलिस"वर चीनशी नानकिंगचा तह झाला, तेही मुंबईचं. आणि १८१७मध्ये पाण्यात सोडलेलं "त्रिंकोमाली" आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सह्याद्री-मलबारकडचा साग, मुंबईच्या सुतारांचे हात आणि दोनशेहून जास्त वर्षं.

अमेरिकेतल्या युद्धाचा आणि मुंबईचा काय संबंध?

कापूस. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांना पर्याय होता वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा कापूस, आणि तो जहाजावर चढायचा मुंबईत. रेल्वेही वेळेवर आली होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८६३मध्ये बोरघाटाचा चढ पार झाला. घाटातल्या बोगद्यांचं काम करताना पटकी आणि अपघातांनी हजारो मजूर गेले, हे त्या समृद्धीच्या हिशेबात धरलं पाहिजे.

पैसा असा आला की शहराचं भान सुटलं. रोज नव्या कंपन्या, बँका, भरावाच्या योजना. बॅक बे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर बाजार हलायचा. १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली, तेव्हा बहुतेकांचे हात रिकामे होते. मागोमाग बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. शहर किती रिकामं झालं ते शिरगणतीत दिसतं: १८६४मध्ये ८,१६,५६२ माणसं, १८७२मध्ये ६,४४,४०५.

मागे मात्र बरंच काही राहिलं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने याच काळात जुना कोट पाडून टाकला आणि मैदानाकाठच्या मोठ्या इमारतींना जागा मोकळी झाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला.

आजच्या गोद्या कधी झाल्या? त्याआधी माल कसा उतरायचा?

जहाज मधल्या खोल पाण्यात नांगरायचं आणि माल पडावांतून बंदरावर यायचा. पावसाळ्यात ही दगदग फार. शिवाय किनाऱ्याचा मोठा भाग खासगी कंपनीच्या हाती गेला होता. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटींची ये-जा वाढली आणि असं चालणार नाही हे सरकारला उमगलं. १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५चा. तो खासगी, कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला. ट्रस्टचा प्रिन्सेस डॉक १८८०मध्ये सुरू झाला, मग व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक.

प्रिन्सेस डॉक खणताना समुद्राच्या पातळीखाली, चिखलात, झाडांचे बुंधे सापडले होते. मुळं जमिनीत रुतलेली, जागच्या जागी उभे. म्हणजे कधीकाळी तिथे कोरडी जमीन होती आणि जंगल होतं. समुद्र हटवून जमीन केली म्हणून मिरवणाऱ्या शहराच्या पोटात, समुद्राने घेतलेली जमीन निघाली.

अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातून निघालेला दगडगोटा शेजारी टाकून बॅलार्ड इस्टेट तयार झाली.

प्लेग बंदरातून आला का?

बहुतेक तसंच. १८९४मध्ये हाँगकाँगला साथ होती आणि मुंबईत पहिले रोगी सप्टेंबर १८९६मध्ये आढळले ते मांडवीत, गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या भागात. डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी निदान केलं. वखारी, उंदीर, आणि एका खोलीत दहा-दहा माणसं. रोगाला आणखी काय हवं होतं? लोक गावाकडे पळाले. माणसांना जबरदस्तीने इस्पितळात नेण्यावरून चिडलेल्या गिरणी कामगारांनी ऑक्टोबरमध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. जानेवारी १८९७मध्ये हाफकिन यांनी इथेच तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची कामं.

१९४४चा गोदीतला स्फोट नेमका काय होता?

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये "फोर्ट स्टिकिन" हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं आणि कापूस एका जहाजात! दुपारी कापसाला आग लागली. बंबवाले पाणी मारत राहिले, पण आग गासड्यांच्या आत धुमसत होती. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेजारची जहाजं बुडाली, वखारी जळाल्या, जळता कापूस मशीद बंदर-मांडवीच्या छपरांवर पडला. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. सोन्याच्या विटा गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं सापडत होत्या.

१९४६चं नाविकांचं बंड मुंबईतच का पेटलं?

आरमाराचं मोठं ठाणं इथे होतं म्हणून. १८ फेब्रुवारीला "तलवार" या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण तळावर निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांवरून संप सुरू झाला आणि तो जहाजाजहाजांवर पसरला. गिरणी आणि गोदी कामगार पाठिंब्याला रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेहून जास्त नागरिक मारले गेले. गेटवेवरून शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ला गेली. त्या सोहळ्याची छायाचित्रं सगळ्यांना माहीत आहेत, परळ-लालबागच्या मृतांची नावं फारशी कुणाला नाहीत.

गिरण्या आणि कोकण यांचं नातं बंदरामुळे जुळलं का?

हो. पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये ताडदेवला काढली. तिथल्या हातांपैकी मोठा वाटा घाटावरचा आणि कोकणचा. घाटावरून माणूस रेल्वेने यायचा, तर कोकणातून आगबोटीने. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य उर्फ भाऊ यांच्या नावाचा भाऊचा धक्का हा कोकण्याचा मुंबईतला उंबरठा. गाठोडं, ट्रंक, आंब्याची पेटी आणि पोटात ढवळणारी बोट, हे वर्णन जुन्या चाकरमान्यांच्या घरोघरी ऐकायला मिळायचं. १७ जुलै १९४७ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली "रामदास" बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य जेमतेम महिन्यावर आलं होतं.

गिरणगाव १९८२च्या संपानंतर ओसरत गेलं. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

जुनी ठिकाणं नावांवरून ओळखता येतात का?

बरीच. पायधुणी म्हणजे जिथे खाडीच्या पाण्यात पाय धुवून पुढे जायचं. उमरखाडीत खाडी उरली नाही, नाव उरलं. चर्चगेट आणि बाजारगेट हे कोटाचे दरवाजे. दारूखान्यात दारू म्हणजे बंदुकीची दारू. कॉटन ग्रीनला कापसाचा बाजार होता. बोरीबंदर, मशीद बंदर, चिंचबंदर इथे एकेकाळी होड्या लागायच्या. आज तिथून पाणी दिसतसुद्धा नाही.

मोठी मालवाहू जहाजं आता मुंबईत येत नाहीत का?

तेल, मोटारी, पोलाद, प्रवासी जहाजं येतात. कंटेनरचा धंदा मात्र समोरच्या काठावर गेला. जुन्या गोद्या अरुंद, मागे ट्रक उभे करायला जागा नाही, आणि शहर चहूकडून अंगावर आलेलं. १९८९मध्ये न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि गोदीतली हजारो कामं हळूहळू आटली. जानेवारी २०२४पासून शिवडी आणि न्हावाशेवा यांना २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जोडतो.

हा इतिहास पाहायचा तर कुठून सुरुवात करावी?

पहाटे ससून डॉक. कापसासाठी बांधलेली ही गोदी आता मासळीची. अंधारातच होड्या लागतात, बर्फाचा चुरा पायाखाली करकरतो आणि कोळणी लिलावात उभ्या राहून बोली लावतात. तिथून चालत हॉर्निमन सर्कलला या. सेंट थॉमस चर्च १७१८पासून तिथे आहे. शहराचे मैल त्याच्या दारापासून मोजले जायचे आणि त्या मैलांचे काळे दगड अजून काही ठिकाणी आहेत. फुटपाथ वर्षानुवर्षं चढत गेल्याने काही गळ्यापर्यंत पुरले गेले होते. असा एखादा दगड दिसला तर खाली बसून पाहा: वर रोमन आकडा, खाली "माइल्स फ्रॉम सेंट थॉमसेस चर्च" ही कोरीव अक्षरं, आणि कडा हाताला गुळगुळीत लागतात.